पोटावरची चरबी जाते कोठे?

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या महाविद्यालयात अकरावीची प्रात्यक्षिके चालू होती. प्रयोग साधाच, लंबकाचा. एका टेबलावरचा मुलगा वीस आंदोलने मोजता मोजता थांबला, हातातले विरामघड्याळ त्याने खाली ठेवले आणि बसल्या जागी तो कलंडला. आम्ही त्याला उचलून खिडकीजवळ नेले, पाय जरा उंच ठेवले, शर्टाची बटणे सैल केली. पाहतो तो काय, पोटाभोवती प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळलेला आणि त्यावर एक रुंद रबरी पट्टा! कागदाच्या आत घामाचे पाणी साचले होते. थोड्याच वेळात तो पूर्ण सावध झाला. आदल्या दुपारपासून त्याने काहीच खाल्ले नव्हते, हे तेव्हा कळले. शिपाईमामांनी लिंबाचे सरबत आणले, मग मुलांनी डब्यातली पोळीभाजी दिली.

मुले पांगल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, बाकी सगळं ठीक आहे हो, पण हे खालचं पोट काही केल्या जात नाही. वर्गात मला ढेरपोट्या म्हणतात."

मुलगा मुळीच लठ्ठ नव्हता. मला त्याच्यावर रागावताही येईना. कारण त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी माझ्या कमरेचे माप घेऊन मान हलवली होती. ते माप होते ९७ सें.मी.!

दुसऱ्या दिवशी तासाला मी सर्वांनाच विचारले, "समजा, पट्ट्याने चरबी गेली. गेली म्हणजे कोठे गेली?" एक म्हणाला, घामातून वाहून गेली. दुसरा म्हणाला, जळून तिची उष्णता झाली. तिसरा म्हणाला, तिचे स्नायू झाले. विद्यार्थिमित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी तुम्हीही आपले उत्तर कागदावर लिहून ठेवा. हा प्रश्न आरोग्याचा आहे खरा, पण तो सोडवायला सातवी-आठवीत शिकलेले दोन नियम पुरतात.

अणूंचा जमाखर्च

पहिला नियम वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा. रासायनिक क्रियेत अणू नाहीसे होत नाहीत, फक्त त्यांच्या जोड्या बदलतात. आपल्या शरीरातल्या मेदाचा, म्हणजेच चरबीचा, सरासरी रेणू घेतला तर त्यात कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्यात नायट्रोजन मुळीच नाही. स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात आणि प्रथिनांना नायट्रोजन लागतोच. तेव्हा चरबीचे स्नायू होत नाहीत. तिसरे उत्तर बाद.

दुसरे उत्तर अधिक फसवे आहे. मेदापासून ऊर्जा मिळते हे खरे. पण ऊर्जा मिळाली म्हणजे पदार्थ नाहीसा झाला असे नव्हे. चुलीत लाकूड जळते तेव्हा त्याचा धूर, वायू, वाफ आणि राख होतेच की! एक किलोग्रॅम चरबीतून मिळणारी सगळी ऊर्जा आइन्स्टाइनच्या सूत्रात घालून पाहिली, तर तिच्यापोटी कमी होणारे वस्तुमान एका ग्रॅमच्या सुमारे अठ्ठाविसाव्या लाखाव्या भागाइतके, म्हणजे एका ग्रॅमचे अठ्ठावीस लाख भाग केले तर त्यातला एक भाग, इतके भरते. हा तराजूत दिसणारा फरक नव्हे.

मग खरे काय होते? मेदाच्या एका रेणूशी ऑक्सिजनचे ७८ रेणू संयोग पावतात आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. दोन्ही बाजूंचे अणू मोजून समीकरण संतुलित आहे की नाही ते स्वतः पाहा. रेणुभार घालून हिशेब केला तर १० कि.ग्रॅ. मेद जळायला २९ कि.ग्रॅ. ऑक्सिजन लागतो आणि त्यापासून २८ कि.ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड व ११ कि.ग्रॅ. पाणी होते. हा सगळा कार्बन डाय-ऑक्साइड कोठून बाहेर पडतो? अर्थात फुप्फुसांतून, उच्छ्वासावाटे!

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी हा हिशेब २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. मेदातला प्रत्येक अणू शेवटी कोणत्या वाटेने जातो याचा माग काढून त्यांनी दाखवले की, १० कि.ग्रॅ. मेदापैकी ८.४ कि.ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे जातो आणि उरलेला १.६ कि.ग्रॅ. पाणी होऊन मूत्र, घाम, वाफ अशा वाटांनी जातो. मीरमन हे मुळात पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. आमच्या विषयाच्या माणसाने हा प्रश्न धसाला लावला याचा मला थोडा आनंद होतो, हे कबूल करतो!

"मग सर, जोरजोरात श्वास घेतले की झाले!" असे वर्गात कोणीतरी म्हणतेच. तसे नाही. जितके इंधन पेशींत जळेल तितकाच वायू तयार होतो. काम न करता नुसते भराभर श्वास टाकले तर रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होऊन चक्कर मात्र येईल. धूर उपसल्याने चूल जास्त पेटत नाही.

पट्ट्याने काय होते?

आता पहिले उत्तर, घामाचे. घाम म्हणजे पाणी, त्यात थोडे क्षार. चरबी घामातून पाझरत नाही. घाम येतो तो शरीर थंड राखण्यासाठी. पाण्याचा बाष्पनाचा अप्रकट उष्मा मोठा असल्याने त्वचेवरचा एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण यासाठी घाम वाळला पाहिजे. प्लॅस्टिकखाली तो वाळत नाही, नुसता साचतो. शरीर थंड होत नाही म्हणून आणखी घाम येतो, रक्तातले पाणी कमी होत जाते, त्वचेकडे जास्त रक्त ढकलावे लागल्याने हृदयावर ताण पडतो. त्यात पोट रिकामे असेल तर काय होते, ते आमच्या प्रयोगशाळेने पाहिलेच आहे.

पट्टा सोडून वजन केले तर अर्धा किलो कमी भरते, हे खोटे नाही. तो अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर पाणी. दोन पेले पाणी प्यायले की ते परत येते. पोट गदगदा हलवणाऱ्या यंत्रांचेही तेच. ताक घुसळले की लोणी वर येते, ते नाहीसे होत नाही!

तेरा किलोमीटर उंच जिना

दुसरा नियम ऊर्जेच्या अक्षय्यतेचा. शरीरातल्या एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी, म्हणजे ३ कोटी २० लाख जूल इतकी ऊर्जा साठलेली असते. ही किती मोठी आहे? ६० कि.ग्रॅ. वजनाचा माणूस जिना चढतो आहे असे समजा. दर मीटर चढायला ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ जूल कार्य करावे लागते. स्नायूंची कार्यक्षमता सुमारे २५ टक्के धरली, तर आपल्या साठ्यातला चौथा हिस्सा, ८० लाख जूल, चढण्याच्या कामी येईल. ८० लाखांना ५८८ ने भागा. उत्तर येते सुमारे १३,६०० मीटर. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या शिखरापर्यंत जिना बांधला आणि त्यावर पुन्हा अर्धा एव्हरेस्ट ठेवला, तर तो चढल्यावर एक किलो चरबी संपेल.

हा ढोबळ हिशेब आहे. शरीर खाण्याप्रमाणे आपला खर्चही थोडाफार बदलते. तरीही यातून दोन गोष्टी कळतात. एक, 'आठ दिवसांत पोट सपाट' असे सांगणारी जाहिरात अंकगणितातच नापास होते. दुसरी अधिक महत्त्वाची. शरीर किती काटकसरी आहे पाहा! तासभर झपझप चालण्यात ढोबळमानाने २०० ते २५० किलोकॅलरी जादा खर्च होतात आणि त्या एका वडापावाने भरून निघतात. म्हणून चरबी हळूहळूच जमते आणि हळूहळूच जाते.

विहीर आणि पोहरा

"पण सर, मी रोज पोटाचाच व्यायाम करतो. उताणा पडून पन्नास वेळा उठून बसतो. मग पोटाचीच चरबी जळायला नको का?" त्या मुलाचा हा प्रश्न अगदी वाजवी होता.

स्नायू आणि त्यावरची चरबी शेजारी असल्या, तरी त्यांच्यात थेट नळ नाही. मेदपेशीतल्या मेदाचे आधी विघटन होते. त्यातून मेदाम्ले आणि ग्लिसरॉल सुटे होतात. ते रक्तात उतरतात. रक्त साऱ्या शरीरभर फिरते आणि ज्या स्नायूला गरज असेल तो रक्तातून मेदाम्ले उचलतो. पोटाच्या स्नायूने जाळलेला मेद पाठीवरचा असेल, दंडावरचा असेल किंवा मांडीवरचाही असेल. विहिरीच्या ईशान्य कोपऱ्यातून पोहरा ओढला म्हणून काही ईशान्य कोपऱ्यातले पाणी खाली जात नाही!

हे प्रयोगांनी तपासलेले आहे. टेनिसपटूचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो. १९७१ साली अमेरिकेत अशा खेळाडूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते. पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच होता. पुढे १९८४ साली १३ पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी एकंदर ५,००४ वेळा उताणे पडून उठून बसण्याचा व्यायाम केला. प्रयोगाच्या आधी आणि नंतर त्यांच्या पोटावरच्या, पाठीवरच्या आणि नितंबावरच्या मेदपेशी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. पेशी थोड्या लहान झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारख्याच प्रमाणात.

म्हणून पोटाचा व्यायाम व्यर्थ ठरत नाही. त्याने पोटाचे स्नायू बळकट होतात, पाठीला आधार मिळतो. खालचे पोट पुढे दिसण्याचे कारण पुष्कळदा चरबी नसतेच. पाठीत बाक देऊन, कंबर पुढे ढकलून उभे राहिल्यानेही ते तसे दिसते. मात्र चिमटीत येणारी वळी त्या व्यायामाने वेगळी काढून घेता येत नाही.

खालचेच पोट हट्टी का?

विहिरीचा दाखला इथवर चालतो, पुढे तो अपुरा पडतो. पाण्याची पातळी सगळीकडे सारखी उतरते. चरबी तशी सारखी उतरत नाही. इथे धरणाचे उदाहरण घ्या. उन्हाळ्यात काठाचा उथळ भाग आधी उघडा पडतो आणि मधल्या खोल डोहात जूनपर्यंत पाणी टिकते. शरीरातही असे काही डोह आहेत. पुरुषांत खालचे पोट व कमरेच्या बाजू, स्त्रियांत नितंब आणि मांड्या हे ते डोह होत.

याची कारणे पेशींतच आहेत. आपण धावतो किंवा बराच वेळ उपाशी असतो, तेव्हा ॲड्रिनॅलिन आणि त्याचे भाईबंद मेदपेशींना मेद सोडण्याचा संदेश देतात. हा संदेश घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही नावाचे रेणू असतात. त्यातले बीटा जातीचे ग्राही मेद सोडण्याची क्रिया वाढवतात, तर अल्फा-२ जातीचे ग्राही तीच क्रिया आवरतात. एक गती वाढवणारा, दुसरा ब्रेक. ज्या भागात दुसऱ्या प्रकारचे ग्राही तुलनेने अधिक, तिथला मेद संदेश ऐकूनही सावकाश निघतो. शिवाय जेवल्यावर रक्तात वाढणारे इन्शुलिन सगळीकडेच मेद सोडणे थांबवते. म्हणजे 'हट्टी' चरबी काही वेगळ्या पदार्थाची नसते. पदार्थ तोच, तिजोरीचे कुलूप मात्र जास्त कडक.

मुलींनी एक लक्षात ठेवावे. वयात येताना नितंब आणि मांड्यांवर जमणारा मेद हा दोष नाही. पुढे गर्भारपणात व बाळाला दूध पाजताना लागणारी ती शिदोरी आहे.

चिमटीत न येणारी चरबी

आता या सगळ्यातला सर्वांत आश्चर्याचा भाग. पोटावरची चरबी दोन प्रकारची. एक त्वचेखालची, ती चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या आणि यकृताच्या आसपास. ती चिमटीत येत नाही, दिसतही नाही. डॉक्टरांना काळजी असते ती मुख्यतः या दुसरीची. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात आणि मधुमेह व हृदयविकार यांच्याशी तिचा जवळचा संबंध आहे. सुदैवाने ॲड्रिनॅलिनचा संदेश ही आतली चरबी लवकर ऐकते. व्यायाम आणि बेताचे खाणे सुरू केले की ती आधी हलू लागते. म्हणजे जी चरबी शेवटपर्यंत राहते आणि आरशात सलते ती त्यामानाने निरुपद्रवी, आणि जी जास्त घातक ती गुपचूप आधी निघून जाते!

या बाबतीत आपल्या पुण्यात महत्त्वाचे संशोधन झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात दोघांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण क्ष-किरणांच्या यंत्राने शरीरातला मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात तो ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बालकांची इंग्लंडमधल्या बालकांशी तुलना केली तेव्हाही असेच दिसले. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ कि.ग्रॅ., तिकडच्यांचे ३.५ कि.ग्रॅ. आपली बाळे स्नायूंत बारीक, पण त्वचेखालच्या मेदात त्यामानाने कमी नाहीत. म्हणून भारतीयांत केवळ वजनावर विसंबून चालत नाही, कमरेचे मापही पाहावे लागते. प्रौढ भारतीय पुरुषांसाठी ९० सें.मी. आणि स्त्रियांसाठी ८० सें.मी. ही धोक्याची खूण मानतात. हे आकडे मोठ्यांचे आहेत, ते तुम्ही स्वतःला लावू नयेत.

अणुस्फोटांनी सांगितलेले गुपित

मेदपेशींची संख्या किती आणि ती बदलते का? याचे उत्तर मिळाले ते चक्क अणुस्फोटांमुळे. १९५० नंतरच्या दशकात आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारापर्यंत वातावरणात अणुबाँबच्या अनेक चाचण्या झाल्या. त्यामुळे हवेतला किरणोत्सर्गी कार्बन-१४ एकदम वाढला आणि नंतर तो वर्षागणिक कमी होत गेला. हा कार्बन वनस्पतींत गेला, अन्नातून माणसांत आला आणि नव्या पेशी जन्मताना त्यांच्या डी.एन.ए.मध्ये बसला. जणू प्रत्येक पेशीवर तिच्या जन्मवर्षाचा शिक्का! स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पॉल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हे शिक्के वाचले. त्यांना आढळले की मेदपेशींची संख्या बालपणी व पौगंडावस्थेत ठरते. पुढे दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. एकूण संख्या जवळजवळ तीच राहते. माणूस बारीक झाला तरी पेशी संपत नाहीत, फक्त आकसतात.

याचा तुमच्याशी संबंध आहे. उपाशी राहून शरीर सुकवण्याचे तुमचे वय नाही. हाडे, स्नायू, मेंदू यांची वाढ चालू असते आणि तिला प्रथिने, लोह, कॅल्शियम लागते. उपासमारीत शरीर मेदाबरोबर स्नायूही मोडून खाते. जेवण वेळेवर, डाळ-उसळ-भाजी पोटभर, गोड पेये आणि तळलेले क्वचित, रोज तासभर घाम येईपर्यंत खेळ आणि पुरेशी झोप, एवढे पुरे. त्याउपर काळजी वाटलीच तर पट्टा विकणाऱ्याकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.

एक किलो दिसत का नाही?

आता माझी स्वतःची नोंदवही. डॉक्टरांनी मान हलवल्यावर मी रोज पाऊण तास चालू लागलो, चहा निम्म्यावर आणला, रात्रीचा भात अर्धा केला आणि महाविद्यालयात जिनाच वापरला. महिन्याने एक किलो वजन उतरले, पण पोट जिथल्या तिथे. मन खट्टू झाले. मग कागद-पेन्सिल घेतली.

एक किलो चरबीचे घनफळ सुमारे १,१०० घन सें.मी. माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर, म्हणजे १७,००० चौरस सें.मी. ही चरबी सगळ्या अंगावरून सारखी निघाली असे धरले, तर थर किती कमी होईल? १,१०० भागिले १७,०००, म्हणजे सुमारे ०.०६५ सें.मी.; एक मिलिमीटरसुद्धा नाही! त्रिज्या इतकी घटली की कमरेचा घेर तिच्या ६.२८ पट, म्हणजे जेमतेम ४ मि.मी. कमी होईल. आणि शिवणाच्या डब्यातली फीत घेऊन मी सकाळी आणि रात्री जेवणानंतर माप घेतले, तर त्या दोन मापांतच २ सें.मी.चा फरक येत होता. मापनातली त्रुटी मोजायच्या राशीपेक्षा पाचपट मोठी! असा निष्कर्ष तुम्ही प्रयोगवहीत लिहिलात तर मी त्यावर लाल रेघ ओढली असती. आरशात रोज पाहून निराश होणारे सगळे हीच चूक करत असतात.

पाच महिन्यांनी आलेख काढला. वजन ७४ वरून ७० कि.ग्रॅ. आणि कंबर ९७ वरून ९२ सें.मी. माझ्या हिशेबाने ४ किलोंमागे दीड-पावणेदोन सें.मी. कमी व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ५ झाले. म्हणजे 'सारखा थर' हे माझे गृहीतच चुकले होते. पोटाने आपल्या वाट्यापेक्षा जास्त दिले, आणि त्यात आतल्या चरबीचा हिस्सा असणार. चिमटीतली खालची वळी मात्र अजून आहे. तिच्याशी माझे भांडण आता मिटले आहे.

करून पाहा

१. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या, त्यांच्या संमतीने, कमरेचे माप आठवडाभर घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये फीत धरावी, सहज श्वास सोडल्यावर वाचावी. सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणानंतर, दर वेळी तीन वाचने. सरासरी काढा. किती सें.मी.पेक्षा लहान बदलावर विश्वास ठेवता येणार नाही?

२. चुन्याची निवळी गाळून दोन सारख्या परीक्षानळ्यांत सारखी घ्या. स्वस्थ बसून एकीत नळीने संथ फुंका आणि निवळी दुधाळ व्हायला लागणारा वेळ नोंदवा. मग पाच मिनिटे दोरीवरच्या उड्या मारून लगेच दुसरीत फुंका. फक्त फुंकायचे, ओढायचे नाही; निवळी तोंडात जाता कामा नये.

हा दुसरा प्रयोग त्या मुलाने आमच्याच प्रयोगशाळेत केला. आता तो डबा खाऊन येतो आणि संध्याकाळी कबड्डी खेळतो. पोट किती उतरले हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. बसल्या बसल्या निवळी दुधाळ व्हायला ४० सेकंद लागले, तीन मजले चढून आल्यावर २३. नळी उजेडासमोर धरून तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, हीच का ती?"

"तिच्यातली थोडी," मी म्हणालो, "बाकीची दुपारची पोळी."

जाता जाता एक गणित. एक किलोग्रॅम मेदातला सगळा कार्बन असा चुन्याच्या निवळीत पकडला, तर किती चुनखडी मिळेल? कॅल्शियम कार्बोनेटचा रेणुभार १०० आणि मेदाच्या सरासरी रेणूचा ८६० धरा. उत्तर सहा किलोग्रॅमच्या थोडे वर यायला हवे.